परमुलखातील भूमी आणि चित्रकाराचा डोळा
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत मी चित्रकलेचा विषय निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मराठी माणूस शब्दांवर प्रेम करणारा. नाटक, कादंबरी, चरित्र, संतवाङ्मय यांनी आपली कपाटे भरलेली असतात; चित्रकलेवरील पुस्तके शोधू गेल्यास एखादा खणही पुरता भरत नाही. आपल्या घरांत चित्र आले ते दिनदर्शिकेवरून आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले आणि पुढे कित्येक वर्षे मराठी मध्यमवर्गाचे चित्रसंग्रहालय म्हणजे दिवाळी अंकांचा तो गठ्ठाच होता. मी हे उपहासाने म्हणत नाही. परंतु त्यामुळे निसर्गचित्र म्हणजे डोंगर, झोपडी, नारळाचे झाड आणि मावळता सूर्य, म्हणजेच भिंतीची शोभा, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली. आज मी ज्या चित्रकाराविषयी बोलणार आहे, त्याने सुमारे साठ वर्षे या समजुतीशी झगडा केला, आणि काही टीकाकारांच्या मते अखेरीस तो तिला शरणही गेला. हा आरोप खरा की खोटा, हे आपणांसमवेत तपासून पाहावे, असा माझा हेतू आहे.

हे चित्रकार म्हणजे नारायण श्रीधर बेंद्रे. सुरतेत त्यांच्याविषयी बोलण्यास आणखी एक कारण आहे. बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदुरात झाला. त्यांच्या आयुष्यातील ऐन कर्तृत्वाची सोळा वर्षे, १९५० ते १९६६, बडोद्यात गेली. मातृभाषा मराठी, जन्म माळव्यातला, कीर्ती गुजरातेतली, आणि १९९२ च्या फेब्रुवारीत देहावसान मुंबईत. ज्यांची तिसरी पिढी तापीकाठी नांदते आहे आणि ज्यांची मुले दुकानांच्या पाट्या गुजरातीतून अधिक सहज वाचतात, त्या आपणांस हा नकाशा परका वाटणार नाही. (मराठी माणसाचे सुरतेशी नाते १६६४ सालापासूनचे आहे, परंतु त्या भेटीचे, आणि १६७० मधील दुसऱ्या भेटीचे, वर्णन या नगरीत करण्याचे धाडस मी करीत नाही.)

प्रथम थोडी पूर्वपीठिका. केवळ भूमी हाच विषय मानून काढलेले चित्र आपल्या परंपरेत फारसे नव्हते. वाई-मेणवलीच्या वाड्यांतील भित्तिचित्रांत झाडे आहेत, नदी आहे, ढगही आहेत. पण ते सारे कृष्णासाठी, गणपतीसाठी किंवा युद्धप्रसंगासाठी. राजस्थानी आणि पहाडी चित्रांतला पाऊस नायिकेच्या विरहासाठी कोसळतो. भूमी जणू पात्रांची सेवेकरी होती. तिला मुख्य पात्र केले ते युरोपीय दृष्टीने. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्यात आलेला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार, आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करणारा गंगाराम तांबट, ही त्या दृष्टीची आपल्याकडील पहिली ठळक नावे. आपल्या भागापुरते बोलायचे, तर जेम्स फोर्ब्ज या कंपनीच्या अधिकाऱ्याने भडोच आणि डभोई येथील वास्तव्यात असंख्य चित्रे काढली. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या त्याच्या चार खंडांच्या ग्रंथातून नर्मदेतला कबीरवड विलायतेच्या वाचकांपुढे उभा राहिला. ही चित्रे सुंदर आहेत. परंतु ती पाहुण्याने काढलेली आहेत, आणि पाहुण्याला जे विचित्र व भव्य वाटते तेच तो टिपतो. रोजचे असते ते त्याच्या दृष्टीतून निसटते.

१८५७ साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पारदर्शक जलरंगाचे तंत्र तेथील मराठी विद्यार्थ्यांनी असे काही आत्मसात केले की गुरूंनीही तोंडात बोट घालावे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवतात, तोच प्रकाश. रंगाचा ओला हात एकदा फिरला की दुरुस्तीला जागा नसते. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे या माध्यमावरील प्रभुत्व आजही थक्क करते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांची गोष्ट तर दंतकथाच झाली आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाखाली, पण जवळजवळ फकिरी वृत्तीने, कोटीतीर्थाच्या परिसरात राहून त्यांनी तेच तळे, तोच काठ, तीच झाडे वर्षानुवर्षे रंगविली. रंग स्वतः तयार करीत, मिळेल त्या कागदावर काढीत, असे सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. फोर्ब्ज आणि आबालाल यांच्यामधला फरक हा पाहुणा आणि रहिवासी यांच्यातला फरक आहे. एकच पाणी हजारदा पाहण्याचा कंटाळा न येणे, हे रहिवाशाचे लक्षण.

या जलरंगी परंपरेत एक अडचण मात्र होती आणि ती तंत्राच्या मुळातच होती. हे तंत्र जन्मले इंग्लंडच्या दमट, मवाळ हवेत, जिथे उन्हालाही धुक्याची झालर असते. आपल्याकडच्या वैशाखातल्या भर दुपारी सावली पायाखाली गोळा होते, रंग फिके पडतात, आकाश निळे न राहता पांढुरके होते. या प्रकाशाला ओल्या रंगाचा अलवार हात पुरत नाही. म्हणूनच त्या काळातील आपली बहुसंख्य निसर्गचित्रे पहाटेची, सायंकाळची किंवा पावसाळ्याची आहेत. दुपार चित्रकारांनी टाळली. आपण मात्र आयुष्याचा मोठा भाग दुपारीच जगतो!

इंदूरचा मार्ग निराळा होता. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी तेथे कलाशाळा चालविली आणि मुलांना चार भिंतींबाहेर काढले. विष्णू चिंचाळकर, देवकृष्ण जटाशंकर जोशी, बेंद्रे, काही वर्षांनी मकबूल फिदा हुसेन, ही सारी त्याच छायेत वाढलेली मंडळी. होळकरांच्या छत्र्या, खान नदीचा काठ, गल्लीबोळ, बाजार हे यांचे विषय. मुंबईच्या गुळगुळीत जलरंगापेक्षा इंदूरकरांचा हात रांगडा. रंगाचे जाड, अपारदर्शक पट्टे शेजारी शेजारी ठेवून आकार उभा करण्याकडे त्यांचा कल. हुसेन यांनी पुढे एक हकीकत सांगितली आहे. रस्त्याच्या कडेला चित्र काढीत बसलेल्या या मुलाला बेंद्रे यांनी पाहिले आणि वडिलांना भेटून त्याला चित्रकार होऊ देण्याविषयी सांगितले. पुढे भारतभर गाजलेल्या चित्रकाराचा रस्ता एका निसर्गचित्रामुळे मोकळा झाला, ही गोष्ट कलेतिहासकारांनी जितकी ध्यानात घ्यावी तितकी घेतलेली दिसत नाही.

१९३३ मध्ये मुंबईची शासकीय पदविका मिळविल्यानंतर १९३६ ते १९३९ या काळात बेंद्रे श्रीनगर येथे काश्मीर संस्थानाच्या प्रवासी-विभागात होते. तेथे चित्रकार आणि पत्रकार अशी जोडकामगिरी त्यांच्याकडे होती. म्हणजे, प्रवाशांना काश्मीरकडे आकर्षित करणे हा त्यांच्या कुंचल्याचा चरितार्थ होता. या टप्प्यावर मला त्यांची तुलना एका दूरदेशीच्या चित्रकाराशी करावीशी वाटते, कारण दोघांपुढे उभा राहिलेला प्रश्न एकच होता.

पॉल हेन्री हा आयर्लंडचा चित्रकार. जन्म १८७६, बेलफास्ट या कारखानदारीच्या शहरात. पॅरिसला शिकला, व्हिस्लरसारख्या कलावंताचे मार्गदर्शन त्याला लाभले. १९१० साली तो आपली पत्नी ग्रेस हिच्यासह आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अकिल नावाच्या बेटावर थोडे दिवस राहावे म्हणून गेला. ग्रेसही उत्तम चित्रकर्त्री होती. पुष्कळ दिवस तिच्याकडे दुर्लक्ष झाले, हा भाग वेगळा. त्याने परतीचे तिकीट फाडून समुद्रात टाकले, असे सांगतात. ते काही असो, १९१९ पर्यंत तो तेथे राहिला. तेथील लोक गेलिक बोलणारे, गरीब. बटाट्याची शेती आणि मासेमारी यांवर जगणारे. हेन्रीच्या आरंभीच्या चित्रांत ही माणसे आहेत. वाकून बटाटे खणणाऱ्या बाया, होडी पाण्यात ढकलणारे कोळी. माणसांची पाठ आणि जमिनीचा उतार एकाच वळणाचा आहे, इतकी ती दोन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत.

पुढे एक गंमत झाली. गंमत म्हणावी की शोकांतिका, हे आपण ठरवावे. १९२२ साली आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. नव्या राष्ट्राला स्वतःचा चेहरा हवा होता. त्याच दशकात एका ब्रिटिश रेल्वे कंपनीने हेन्रीच्या कॉनेमारा प्रांताच्या चित्राचे भित्तिपत्रक काढले आणि ते प्रचंड लोकप्रिय झाले. निळे डोंगर, त्यांच्या माथ्यावर कापसाच्या राशींसारखे ढग, खाली गवताने शाकारलेली पांढरी घरे, शेजारी वाळत घातलेल्या पीटच्या राशी. आयर्लंड म्हणजे हेच, अशी जगाची समजूत झाली, आणि बऱ्याच अंशी खुद्द आयरिश लोकांचीही. हेन्री तेच चित्र पुन्हा पुन्हा काढीत राहिला. त्या चित्रांतून माणसे मात्र नाहीशी झाली. घरे आहेत, धूर नाही. वाट आहे, वाटसरू नाही. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळापासून ज्या भूमीतून माणसे सतत देशोधडीला लागली, तिचे रिकामेपण या चित्रांत नकळत उतरले असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. प्रवाशाला रिकामी भूमी हवी असते, कारण तेथे त्याला स्वतःला जाऊन उभे राहायचे असते. भित्तिपत्रकाने चित्रकाराला जिंकले, असे माझे मत आहे. चित्रे म्हणून ती आजही मोहक आहेत, यात शंका नाही.

आता बेंद्रे यांच्याकडे वळू. काश्मीरहून असाच शेवट होणे अगदी शक्य होते. सरोवर, शिकारा, चिनार, बर्फाचे शिखर, आणि त्याच चित्रांवर सुखेनैव आयुष्य. ग्राहकांची वाण नव्हती. १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदकही मिळाले. नेमक्या याच काळात हा मनुष्य अस्वस्थ झालेला दिसतो. १९४५ च्या सुमारास तो शांतिनिकेतनात गेला. नंदलाल बसू, रामकिंकर बैज, विनोदबिहारी मुखर्जी यांच्या सहवासात त्याने पाहिले की भूमीचे चित्रण समोर बसून केलेल्या नकलेहून निराळेही असू शकते. १९४७-४८ मध्ये तो अमेरिकेत होता, न्यूयॉर्कला मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले, तेथे प्रदर्शनही केले, आणि परतताना युरोपातील संग्रहालये पाहिली. सेझान, मॅतिस, घनवादी चित्रकार यांची मूळ चित्रे त्याच्या डोळ्यांखालून गेली.

याच सुमारास त्याच काश्मिरात आणखी एक प्रसंग घडला. १९४८ साली सय्यद हैदर रझा तेथे निसर्गचित्रे काढीत होते. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहून सांगितले की तुमच्याकडे रंगाची जाण आहे, पण बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. हा शेरा त्या पिढीतील सगळ्याच निसर्गचित्रकारांना लागू होता. प्रोग्रेसिव्ह गटातील आपले हरी अंबादास गाडे हे मूळचे विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी डोंगर आणि घरे यांची भूमितीच मांडली. गाडे यांच्यावर मराठीत जितके लिहिले जायला हवे होते तितके लिहिले गेलेले नाही. वऱ्हाडच्या त्या अबोल चित्रकारासाठी खरे तर स्वतंत्र व्याख्यान हवे.

बडोद्यात १९५० साली महाराज सयाजीराव विद्यापीठाने ललितकला विभाग स्थापन केला. कुलगुरू हंसाबेन मेहता, पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट. शिल्पकलेला शंखो चौधरी, आणि चित्रकलेला बेंद्रे. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू, हकू शाह ही त्यांच्या वर्गांतून पुढे आलेली नावे. काश्मीरचे गुलाम रसूल संतोष आणि त्रिलोक कौलही येथेच शिकले. ज्या खोऱ्यात बेंद्रे प्रवाशांसाठी चित्रे काढीत होते, तेथलीच मुले पुढे त्यांच्याकडे चित्रकला शिकण्यासाठी गुजरातेत आली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९५९ मध्ये बेंद्रे अधिष्ठाता झाले. विद्यार्थ्यांना त्यांनी आपली शैली दिली नाही, ही त्यांच्या अध्यापनाची मोठी खूण. वर नावे घेतलेल्यांपैकी एकाचेही चित्र बेंद्र्यांच्या चित्रासारखे दिसत नाही.

त्यांची स्वतःची चित्रे या काळात बदलत गेली. १९५५ साली ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले ‘काटा’ हे चित्र घनवादाच्या वळणाचे आहे. पुढे काही काळ ते अमूर्ताच्या जवळही गेले. निसर्गचित्र मागे पडल्यासारखे वाटते. परंतु नीट पाहिले तर ते लुप्त झाले नव्हते. गुजरातची सपाट भूमी ही चित्रकाराची परीक्षा घेणारी भूमी आहे. काश्मिरात डोंगर चित्राची अर्धी रचना आयती करून देतो, सह्याद्रीतही तसेच. पण बडोदा-सुरतेच्या पट्ट्यात क्षितिज एक आडवी रेघ असते, मधे एखादा वड, दूरवर कापसाचे शेत, गुरांचा कळप, डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया. येथे उभी रेषा माणूसच पुरवितो. बेंद्रे यांच्या उत्तरकालीन चित्रांत भूमी आणि माणूस यांची फारकत होत नाही, याचे बीज मला या सपाटीत दिसते.

१९६६ मध्ये ते निवृत्तीचे वय होण्यापूर्वीच विद्यापीठ सोडून मुंबईला गेले आणि त्यानंतर त्यांची बिंदूंची चित्रे सुरू झाली. याच चित्रांवर मी आरंभी उल्लेखिलेला आरोप आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज सरा याने १८८० नंतरच्या दशकात शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळावेत, अशी पद्धत शास्त्रोक्तपणे बांधली होती. टीकाकारांचे म्हणणे असे की बेंद्रे यांनी ऐंशी वर्षांनी हे तंत्र उचलून गोड, विकाऊ चित्रे काढली. घनवादाच्या वाटेने गेलेला शिक्षक अखेर दिवाणखान्यात परतला.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. शेवटच्या वर्षांतील काही चित्रांत पुनरुक्ती आहे, आकृती फार लाडिक झाल्या आहेत, आणि ठिपक्यांचा पडदा रचनेतील ढिलाई झाकतो. परंतु चांगली चित्रे निराळी काढून पाहावीत. त्यांतील ठिपके सराच्या हिशेबाचे नाहीत. सराची पद्धत रंगांचे गणित मांडते. बेंद्रे यांचा ठिपका धुळीचा कण आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत गुरे परतताना उडालेली धूळ, तिच्यातून गाळून आलेला प्रकाश, कडा विरघळलेली झाडे, आणि तरीही आपल्या जागी ठाम उभी असलेली बाई. हळदणकरांच्या पिढीने टाळलेली दुपार येथे सापडली, असे मी धाडसाने म्हणतो. ओल्या रंगाला जो कोरडा प्रकाश पकडता आला नाही, तो कोरड्या ठिपक्याने पकडला. या शोधासाठी साठीच्या माणसाला वर्षानुवर्षे कमावलेला सफाईदार हात बाजूला ठेवावा लागला. केवळ विक्रीसाठी कोणी इतके सोसत नाही. ती जुन्या हातानेही उत्तम होत होती.

हेन्री आणि बेंद्रे यांच्या प्रवासाच्या दिशा उलट आहेत. एकाने माणसांपासून आरंभ केला आणि भूमी रिकामी केली. दुसऱ्याने प्रवाशांच्या रिकाम्या देखाव्यापासून आरंभ केला आणि अखेरीस माणसांवाचून त्याला भूमी दिसेनाशी झाली. पद्मश्री १९६९ साली आली, पद्मभूषण १९९२ साली. सन्मानांची यादी येथे वाचून दाखविण्याचे प्रयोजन नाही.

हा विषय या गावी मांडावासा वाटला, त्याचे कारण लिंबायत-उधना भागातील घरांत दिसणारी चित्रे. खानदेशातून यंत्रमागांवर कामासाठी आलेल्या कुटुंबांनी गावाकडची आठवण म्हणून भिंतीवर लावलेली दिनदर्शिका पाहावी. डोंगर असतो, झरा असतो, लाल कौलांचे घर असते. माणूस नसतो. ज्यांनी गाव सोडले त्यांच्याच भिंतीवर त्यांच्यावाचूनचे गाव टांगलेले असते, आणि ते गाव खानदेशचेही नसते. बहुधा स्वित्झर्लंडचे असते. मुलताईला उगम पावणारी तापी भुसावळवरून वाहत येथे पोहोचते, म्हणजे पाणी तरी गावाकडचेच आहे. पण १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाने बदललेली, २००६ च्या ऑगस्टात शहरात शिरलेली, दोन्ही काठांवर इमारती घेऊन उभी असलेली ही तापी आबालालांच्या तळ्यासारखी पुन्हा पुन्हा पाहून रंगविणारा मराठी हात माझ्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आपल्या ग्रंथालयाच्या बालविभागात दर रविवारी चित्रकलेचा वर्ग भरतो, असे कार्यवाहांनी मघाशी सांगितले. त्या मुलांना एखाद्या रविवारी दुपारी, पहाटे नव्हे, नदीवर न्यावे, एवढी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो.

आता दिवे मालवून काही चित्रे पडद्यावर पाहू. ती छापील प्रतींवरून घेतलेली आहेत, त्यामुळे रंग मूळ चित्रांइतके खरे नाहीत. विशेषतः ठिपक्यांच्या चित्रांत छपाईचे ठिपके आणि चित्रकाराचे ठिपके एकमेकांत मिसळतात. मागे बसलेल्यांनी कृपया पुढे यावे. पहिली दोन चित्रे हेन्रीची आहेत. त्यानंतर काश्मीर, आणि मग बेंद्रे यांची उत्तरकालीन चित्रे.